हृदयविकाराच्या झटक्यानंतर मन सावरताना: रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे

माझ्या यजमानांना ५४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्याच रात्री अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसवले गेले आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून शेजारच्या मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणले. हातात दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर सात औषधांची नावे, पथ्य, पुढच्या तपासणीची तारीख असे सगळे व्यवस्थित लिहिलेले होते. पण पुढचे तीन महिने ज्या भीतीने आणि उदासीने आम्हा दोघांना सर्वांत जास्त छळले, तिच्याबद्दल त्यावर एक ओळही नव्हती. त्या वेळी आम्हाला जे कोणी सांगायला हवे होते, ते मी इथे लिहिते आहे. औषधांचे आणि व्यायामाचे प्रमाण तुमचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना काय विचारावे आणि घरी आल्यावर एकमेकांशी कसे वागावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

भीती आणि उदासी हा आजाराचाच भाग आहे

रुग्णालयात छातीला लावलेल्या तारा, उशाशी चालू असलेला मॉनिटर आणि तासा-दोन तासांनी डोकावणाऱ्या परिचारिका यांचा मनाला मोठा आधार असतो. घरी आल्यावर तो एकदम सुटतो. पहिल्या रात्री यजमान डाव्या कुशीवर वळायलाही घाबरत होते, आणि मी अंधारात त्यांच्या पोटाचे वरखाली होणे पाहत जागी होते. हा आपला भित्रेपणा आहे असे दोघांनाही वाटत होते, म्हणून दोघेही एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही. ही आमची पहिली चूक.

झटका येऊन गेलेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारांची गरज पडावी इतके नैराश्य येते, आणि त्याहून सौम्य उदासी तर कितीतरी अधिक जणांना येते. साधारण आठांपैकी एकाला झटक्याची ती रात्र पुन:पुन्हा डोळ्यांसमोर दिसत राहते. तो झोपेतून दचकून उठतो, त्या रुग्णालयाच्या रस्त्याने जायचे टाळतो. याचा संबंध केवळ मनाच्या सुखदुःखाशी असता, तरीही तो महत्त्वाचाच ठरला असता; पण तो हृदयाशीही आहे. कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे २२२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की झटक्यानंतर रुग्णालयात असतानाच ज्यांना नैराश्य आले होते, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते. नंतरच्या अनेक अभ्यासांचा मेळ घालून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये अशी शिफारस केली, की झटक्यानंतरचे नैराश्य हा रुग्णाच्या पुढील वाटचालीला धोका निर्माण करणारा घटक मानावा. याची कारणे दुहेरी आहेत. सततच्या तणावाने शरीरातील संप्रेरके, दाह आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर परिणाम होतो; शिवाय उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही आणि सोडलेली सिगारेट पुन्हा हातात घेतो. व्यवहारात हे दुसरे कारण आपल्या हाती जास्त येते.

म्हणून पुढच्या तपासणीला गेल्यावर ‘छातीत दुखते का’ या प्रश्नाचे उत्तर जितक्या सहजपणे देता, तितक्याच सहजपणे ‘झोप लागत नाही, रडू येते, कशात मन रमत नाही, सारखी धास्ती वाटते’ हेही सांगावे. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो आणि समोर बसल्यावर नेमके हेच विसरले जाते. त्यामुळे आधीच कागदावर लिहून न्यावे आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे डोळे भरून येणे, चिडचिड होणे, बातम्या पाहतानाही कंठ दाटणे हे बहुतेकांना होते. बायपास झालेल्यांना ते अधिक होते. त्यांना काही आठवडे वाचनात लक्ष लागत नाही, बोलताना नावे आठवत नाहीत आणि आपली बुद्धीच गेली की काय अशी भीती वाटते. बहुतेकांच्या बाबतीत हे काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत निवळत जाते, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेले बरे. मात्र लक्ष ठेवण्यासाठी दोन साधे प्रश्न आहेत आणि जगभरचे डॉक्टर प्राथमिक चाचणी म्हणून तेच विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? आणि गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न, उदास किंवा निराश राहिले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ असे असेल, तर थांबून पाहण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना सांगायची वेळ झालेली आहे. ‘यापेक्षा त्याच रात्री गेलो असतो तर सुटलो असतो’ असे रुग्ण बोलला, तर ते वाक्य थट्टेवारी किंवा कंटाळ्यावर नेऊ नये. मरणाचाच विचार मनात येतो का, हे त्याला शांतपणे आणि थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. अशा वेळी रुग्णाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

‘पंपिंग’चा आकडा समजून घ्या

आमच्या घरातली निम्मी भीती एका आकड्याने निर्माण केली होती. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाल्यावर कोणीतरी ‘पंपिंग ४० टक्के आहे’ असे म्हणाले, आणि यजमानांनी मनाशी हिशेब केला की हृदय ६० टक्के बंद पडले आहे. हे त्यांनी मला दीड महिन्यानंतर सांगितले. तोवर ते पाण्याचा तांब्याही दोन हातांनी उचलत होते.

हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे, की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवे. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकले जाते, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही सगळे रक्त बाहेर टाकत नाही. त्याचा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. तेव्हा ४० ची तुलना १०० शी करायची नसून ६० शी करायची असते. ४० म्हणजे कार्यक्षमता कमी झाली आहे, हे खरे आणि त्यासाठी औषधे नियमाने घ्यायची, हेही खरे. पण त्याचा अर्थ अर्ध्याहून अधिक हृदय निकामी झाले असा होत नाही. दुसरे असे, की झटक्यानंतर लगेच काढलेल्या इकोत हृदयाचा काही भाग मेलेला नसतो, तर बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा वेळेत सुरू झाला असेल, तर तो भाग पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागण्याची शक्यता असते, आणि म्हणूनच डॉक्टर सहा आठवडे ते तीन महिन्यांनी इको पुन्हा करायला सांगतात. पहिला आकडा कायमचा समजून दुःख करत बसू नये.

‘ब्लॉकेज’च्या टक्क्यांचेही असेच आहे. कोणती वाहिनी उघडली, कोणती औषधांवर ठेवली आणि का, हे डॉक्टरांकडून एकदा कागदावर आकृती काढून समजून घ्यावे. ‘मला आता काय करायला मनाई आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘मी काय काय करू शकतो?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. मनाईची यादी न मागता मिळते. मुभेची यादी मागावी लागते, आणि मनाला उभारी येते ती तिच्यामुळेच.

छातीत जरा काही झाले की

झटक्यातून वाचलेल्या माणसाचे कान सतत छातीकडे लागलेले असतात. गॅस झाला, हात अवघडून झोपलो, शर्टाचे बटण टोचले, तरी जीव घाबरा होतो. घाबरल्याने धडधड वाढते, धडधडीने भीती आणखी वाढते आणि काही मिनिटांत घाम फुटून हातपाय गार पडतात. हे मनाचे की हृदयाचे, हे घरी बसून ठरवण्याचा आग्रह धरू नये, कारण दोन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळतात. ठरवायचे असते ते एवढेच, की असे झाल्यावर कोणी काय करायचे, आणि ते शांत मनःस्थितीत आधीच लिहून ठेवायचे असते.

आमच्या घरी फ्रिजच्या दारावर असा कागद आजही आहे. छातीत दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखे वाटले, दुखणे जबडा, खांदा किंवा हाताकडे गेले, दम लागला किंवा कारण नसताना घाम फुटला, तर हातातले काम सोडून बसायचे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिली असेल, तर ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे बसूनच घ्यायची, कारण तिने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पाच मिनिटांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला, तर १०८ ला फोन करायचा. स्वतः गाडी चालवत जायचे नाही आणि ओळखीच्या कोणाला विचारत वेळ घालवायचा नाही. त्या कागदावर जवळच्या, अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाचा क्रमांक, चालू औषधांची यादी आणि फाईल कुठल्या कपाटात आहे, तेही लिहिलेले आहे. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधीकधी छातीत फारसे न दुखता नुसता दम लागतो, मळमळते किंवा कमालीचा थकवा येतो, हेही घरच्यांना माहीत असावे. शंका आली तर जावे. ईसीजी सरळ निघाला आणि परत आलो, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आम्ही पहिल्या दोन महिन्यांत तीनदा असे जाऊन आलो.

असा कागद तयार असला, की भीती आपोआप थोडी आटोक्यात येते, कारण दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. तपासणीत हृदय ठीक आहे असे कळल्यानंतरही घाबरेपणाचे झटके येत राहिले, तर श्वासाचा उपयोग होतो. खुर्चीत पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने हळू श्वास घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे पाच मिनिटे. श्वास रोखून धरू नये, आणि कपालभाती किंवा भस्त्रिकेसारखे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. बायपासमध्ये छातीचे हाड कापलेले असेल, तर विशेषतः.

चालणे, मोजून

माझ्या अनुभवात यजमानांची भीती समजावून गेली नाही, ती चालून गेली. आपले हृदय श्रम सोसते, हे शंभर वेळा ऐकण्यापेक्षा एकदा पायांनी अनुभवले की मन मानते. म्हणून चालणे हे जितके हृदयाचे औषध आहे, तितकेच मनाचेही आहे, आणि ते औषधासारखेच मात्रेने घ्यायचे असते.

गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला डॉक्टर सहसा पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर ५ ते १० मिनिटे, दिवसातून दोनदा चालायला सांगतात. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवत चार ते सहा आठवड्यांत सलग ३० मिनिटांपर्यंत पोहोचायचे असते. वेग ठरवायला यंत्राची गरज नाही. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. भर उन्हात किंवा जेवल्याजेवल्या निघू नये. एका साध्या वहीत तारीख, मिनिटे आणि ‘कसे वाटले’ याचे दोन शब्द लिहावेत. उदास माणसाला आपली काहीच प्रगती नाही असे वाटत असते, आणि तो तसे खात्रीने सांगतो; तेव्हा ती वही उघडून, तीन आठवड्यांपूर्वी आपण आठ मिनिटांत थकत होतो, हे दाखवता येते. एखाद्या दिवशी चालणे झाले नाही किंवा कमी झाले, तर दुसऱ्या दिवशी ते भरून काढू नये. एका दिवशी जोर करायचा आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, या चक्राने आत्मविश्वास ढासळतो.

रुग्णालयात हृदय-पुनर्वसनाचा वर्ग असेल, तर तो चुकवू नये. तिथे मॉनिटर लावून व्यायाम करता येतो आणि त्याच प्रसंगातून गेलेली चार माणसे भेटतात, ज्यांच्यापुढे भीती बोलून दाखवायला संकोच वाटत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे असे वर्ग मोठ्या शहरांबाहेर क्वचितच आहेत. ही उणीव भरून काढता येईल का, हे पाहण्यासाठी भारतातील २४ रुग्णालयांत सुमारे ४,००० रुग्णांवर योग-आधारित पुनर्वसनाचा एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या १३ सत्रांत आसने, श्वसन, ध्यान आणि जीवनशैलीबद्दल बोलणे असे त्याचे स्वरूप होते. पुन्हा झटका किंवा मृत्यू टळण्याबाबत ठाम फरक त्यात सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक चांगली वाटत होती आणि ते झटक्यापूर्वीच्या दैनंदिन कामांकडे अधिक प्रमाणात परतले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मला हे लहान वाटत नाही.

झोप, गोळ्या आणि सुटलेला तंबाखू

काही वेळा मनाची वाटणारी तक्रार औषधाची किंवा शरीराची असते, आणि ती एका छोट्या बदलाने दूर होते. हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी काहींना विचित्र, ठळक स्वप्ने पडतात आणि थकवा जाणवतो. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली, तर रात्रीची झोप मोडते. टिकाग्रेलॉर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने काहींना हृदय ठीक असतानाही मधूनच दम लागल्यासारखे होते, आणि रुग्ण साहजिकच घाबरतो. अशा वेळी गोळी मनाने बंद करू नये. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अचानक थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना सांगितल्यावर ते वेळ किंवा गोळी बदलून देतात. थकवा फारच असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ यांची तपासणी करावी का, हेही विचारावे. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिने मनही मलूल होते. जोरात घोरणाऱ्या आणि सकाळी उठल्यावरही ताजेतवाने न वाटणाऱ्या रुग्णाने तेही सांगावे.

सिगारेट, तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री झटक्याच्या दिवशी एकदम सुटते. पुढचे दोन ते चार आठवडे जी चिडचिड, अस्वस्थता आणि निद्रानाश दिसतो, त्यात निकोटिन तुटल्याचा मोठा वाटा असू शकतो. घरच्यांनी त्याला ‘स्वभाव बदलला’ असे म्हणू नये. हा काळ ओसरतो.

नैराश्यावर उपचार घेताना

‘एवढ्या गोळ्या चालू आहेत, त्यात आणखी ही कशाला?’ आणि ‘मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मला वेड लागले आहे का?’ हे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतात. पहिल्याचे उत्तर अभ्यासांनी दिलेले आहे. झटका किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून विश्रांतीतही होणारे छातीचे दुखणे) येऊन गेलेल्या ३६९ नैराश्यग्रस्त रुग्णांवर सर्ट्रालिन या औषधाची चाचणी घेण्यात आली. २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि हृदयाच्या दृष्टीने ते औषध सुरक्षित ठरले. जुन्या पिढीतली काही नैराश्यविरोधी औषधे मात्र झटक्यानंतर टाळली जातात आणि काही नव्या औषधांनी ईसीजीत बदल होऊ शकतो. शिवाय ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांसोबत ही औषधे घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला हृदयाच्या औषधांची आणि हृदयरोगतज्ज्ञाला मनाच्या औषधांची पूर्ण यादी दाखवलीच पाहिजे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून औषध सोडू नये.

सौम्य ते मध्यम नैराश्यात समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. विशेषतः ‘पायऱ्या चढलो तर मरेन’ यासारखा विचार पकडून, तो तपासून, छोट्या कृतीने खोटा ठरवण्याची जी पद्धत आहे, ती हृदयरुग्णांसाठी फार नेमकी आहे. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर असा प्रयोग झाला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात नैराश्य कमी झाले, पण आयुष्य लांबल्याचे दिसले नाही. काही जण यावरून ‘मग उपयोग काय?’ असे विचारतात. मला हा प्रश्नच समजत नाही. वाचलेले आयुष्य भिंतीकडे तोंड करून न काढता चार माणसांत काढता येणे, याला उपयोग म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

घरातले जपणे कुठवर असावे

आपल्याकडे आजारी माणसाला जपणे म्हणजे त्याला काहीही करू न देणे, असा अर्थ होतो. ‘त्यांना टेन्शन देऊ नका’ या एका वाक्याने घरातला कर्ता माणूस आठवडाभरात पाहुणा होऊन जातो. मुलीच्या प्रवेशाची चर्चा स्वयंपाकघरात दबक्या आवाजात होते, बँकेचे कागद दुसरेच कोणी पाहते, आणि तो दारातून आत आला की सगळे गप्प बसतात. आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे, हे कळायला त्याला वेळ लागत नाही; आणि जे लपवतात, ते आपल्याच प्रकृतीबद्दल असणार, असे तो धरून चालतो. वाईट बातमी आरडाओरड न करता, बसवून, नीट सांगावी, पण सांगावी. निर्णयात त्याचे मत विचारावे. भाजी निवडणे, पाण्याची बाटली भरणे, नातवाचा गृहपाठ घेणे, वीजबिल भरणे अशी कामे पहिल्या आठवड्यापासून त्याच्याकडे द्यावीत आणि ती झाल्यावर ‘अहो, तुम्ही कशाला केलेत?’ असे म्हणू नये.

रुग्ण स्त्री असेल, तर बहुतेकदा उलटे घडते. ती घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी राहते, कारण तिला बसून राहिल्याची टोचणी लागते आणि घरालाही तिच्या हातच्या पोळ्यांची सवय असते. तिने ‘मला बरे आहे’ म्हटले, तरी धुणे, पाणी भरणे आणि वाकून करायची कामे कोण करणार, याची वाटणी घरच्यांनी तिच्या डिस्चार्जपूर्वीच करावी. तिच्या थकव्याला आणि रडण्याला वयाचे नाव देऊन मोकळे होऊ नये.

भेटायला येणाऱ्यांबद्दल थोडे कठोर व्हावे लागते. प्रेमाने आलेली माणसेच अमक्याच्या दुसऱ्या झटक्याची गोष्ट रुग्णासमोर सांगतात. आम्ही संध्याकाळचा एक तास ठरवला आणि पहिल्या महिन्यानंतर मी दारातच सांगू लागले, की आजाराखेरीज काहीही बोला. दोष देणारे बोलणेही थांबवावे. ‘सांगत होते, सिगारेट सोडा’ हे वाक्य खरे असले, तरी त्या क्षणी त्याने फक्त अपराधीपणा वाढतो आणि अपराधी वाटणारा माणूस स्वतःची काळजी घेत नाही. आहारातील बदल एकट्याच्या ताटात न करता सगळ्या घराच्या ताटात करावा. एकट्यासाठी वेगळे, अळणी शिजवलेले अन्न दिवसातून दोनदा त्याला तो आजारी असल्याची आठवण देते.

पैशाची चिंता मनात सर्वांत खोल रुतलेली असते आणि तिच्यावर समुपदेशन चालत नाही. हिशेबच मांडावा लागतो. झालेला खर्च, विमा, रजा आणि महिन्याची औषधे यांचा कागद रुग्णासोबत बसून करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. बैठे काम असलेले अनेक जण काही आठवड्यांत कामावर परततात. शेती, हमाली किंवा रात्रपाळी असेल, तर जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर सुरुवात अर्ध्या दिवसाने करावी.

ज्याबद्दल कोणीच बोलत नाही, ती गोष्ट पतिपत्नींच्या शरीरसंबंधांची आहे. दोघेही घाबरतात आणि दोघेही दुसऱ्याला नकोसे झाले आहे असे समजतात. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता आणि धाप न लागता चढता येत असतील, तर सहसा हरकत नसते; बायपासनंतर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, थांबावे. सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीची औषधे घेणाऱ्याने सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी कदापि घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जीवघेणा उतरतो. डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यात काहीही वावगे नाही.

जोडीदारासाठी

रुग्णाची भीती सगळ्यांना दिसते, जोडीदाराची दिसत नाही. मी कित्येक रात्री झोपले नाही, आणि दिवसा त्यांच्या प्रत्येक हालचालीवर ‘हळू’, ‘जपून’, ‘थांबा’ म्हणत राहिले. रात्रीची पाळी मुलांनी किंवा भावंडांनी वाटून घ्यावी, आणि जोडीदाराने दिवसातला एक तास तरी घराबाहेर, स्वतःच्या माणसांत काढावा. दोन आठवड्यांचे ते दोन प्रश्न त्याने स्वतःलाही विचारावेत. छातीवर दाब देऊन हृदयक्रिया सुरू ठेवण्याचे प्रशिक्षण रुग्णालयांत आणि अनेक संस्थांत मिळते. ते घेतल्यावर माझी भीती वाढेल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात ती उतरली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला फार उशिरा वाचायला मिळाला. झटक्यानंतर तीन आठवड्यांनी पुरुषांची ट्रेडमिल चाचणी होत असताना काही पत्नींना बाहेर बसवले, काहींना ती पाहू दिली आणि काहींना पाहिल्यानंतर त्याच पट्ट्यावर तीन मिनिटे स्वतः चालायला लावले. ज्या स्वतः चालल्या, त्यांचाच नवऱ्याच्या हृदयावरचा विश्वास खऱ्या अर्थाने वाढला, कारण त्याने किती श्रम सोसले, ते त्यांना स्वतःच्या पायांनी कळले. तुमच्या जोडीदाराची स्ट्रेस टेस्ट होणार असेल, तर निदान ती पाहू द्याल का, असे विचारून पाहावे.

आमच्याकडे पट्टा नव्हता, जिना होता. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही दोघे मिळून उतरलो आणि प्रत्येक मजल्यावर एक मिनिट थांबत वर आलो. पहिले दहा दिवस मी एक पायरी मागे राहून चढत होते. तुम्हीही असेच करा. आणि त्यांना त्रास होत नाही अशी डॉक्टरांची आणि तुमची खात्री झाली, की एक दिवस दारातच थांबा, त्यांना किल्ली द्या आणि दूध आणायला एकट्याने खाली जाऊ द्या.